वाक्य कोणाच्या तोंडचे, हे विचारणे पोरकट नाही

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

आपल्या वृत्तपत्राच्या वाचकपत्रांच्या सदरात अलीकडेच एका पत्रलेखकांनी तरुण वाचकांच्या एका छंदाची खिल्ली उडवली आहे. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीचे चाहते एकत्र जमतात, त्यांतील एक जण कादंबरीतले एखादे आडबाजूचे, सहसा कोणाच्या लक्षात न राहणारे वाक्य वाचून दाखवतो आणि ते कोणत्या पात्राने उच्चारले हे इतरांनी ओळखायचे, असा हा खेळ आहे. पत्रलेखकांच्या मते ही ‘परीकथेची घोकंपट्टी’ असून तेवढ्या वेळात एखादे नवे पुस्तक वाचून झाले असते. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात हा खेळ चालतो, त्यात मी स्वतः भाग घेते, आणि सारी नोकरी मराठी शिकवण्यात गेल्यामुळे घोकंपट्टी कशाला म्हणतात हेही मला पुरते ठाऊक आहे. या छंदावर तो शिक्का मारणे अन्यायाचे आहे असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

महाराष्ट्रातील शाळांत शिकलेल्या माणसाला हा खेळ परका वाटण्याचे खरे तर कारण नाही. ‘कोण कोणास म्हणाले?’ हा प्रश्न आपण सर्वांनीच प्राथमिक शाळेत सोडवला आहे, आणि वरच्या वर्गांत त्याचेच थोरले भावंड, म्हणजे ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’, अनेकांना हमखास गुण मिळवून देत असे. पुढे त्या प्रश्नाची घोकंपट्टी झाली हे खरे. पण तो दोष प्रश्नाचा नव्हता. धडा चार पानांचा, त्यात बोलणारी पात्रे दोन किंवा तीन, आणि परीक्षेत येण्याजोगी वाक्ये गाईडमध्ये ठळक टायपात छापलेली. मग मुलांनी ती पाठ केली तर नवल ते काय? मी वर्गात एखादे वाक्य अर्धे वाचते न वाचते तोच हात वर होत, आणि ‘पण तो असे का म्हणाला?’ असे विचारताच तेच हात खाली येत.

टॉल्किन यांच्या कादंबरीपुढे ही युक्ती चालत नाही. १९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत ६२ प्रकरणे आहेत, शिवाय परिशिष्टे वेगळी. आणि बोलणाऱ्यांमध्ये बुटके हॉबिट, माणसे, एल्फ, ड्वार्फ, जादूगार, ऑर्क, झाडांसारखे दिसणारे एन्ट, एवढेच काय, गरुडही आहेत. एवढा मजकूर कोणी पाठ करीत नाही. ओळखायचे ते कानाने. लेखक १९२५ पासून १९५९ पर्यंत ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राध्यापक होते, जुने इंग्रजी हा त्यांचा अभ्यासविषय होता, आणि प्रत्येक जमातीच्याच नव्हे तर बऱ्याचदा प्रत्येक पात्राच्या बोलण्याला त्यांनी स्वतंत्र घाट दिला आहे. ज्या जादूच्या अंगठीभोवती कथा फिरते तिच्या लोभाने बिघडलेला गॉलम स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो हे ज्याने केवळ चित्रपट पाहिले आहेत तोही सांगेल, आणि म्हणून तसले वाक्य आमच्याकडे कोणी विचारीत नाही. मात्र हाच गॉलम क्वचित कधी ‘मी’ म्हणतो, आणि तो ‘मी’ म्हणाला की त्याच्यातला जुना खरेपणा घटकाभर वर आला आहे असे समजावे, हे ती अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडो या हॉबिटाच्या ध्यानात आलेले आहे. गॉलमचे ‘मी’ असलेले वाक्य पुढे ठेवले की भले भले चुकतात. आणि ज्याला ते बरोबर ओळखता येते त्याने कादंबरी किती बारकाईने वाचली आहे हे आणखी कशाने सिद्ध करायला हवे?

परिशिष्टांत याच्याही पुढची एक नोंद आहे आणि ती मराठी माणसाला विशेष रुचेल. शायर या खेडवळ मुलखातल्या हॉबिटांच्या बोलीत आदरार्थी संबोधन उरलेलेच नव्हते, त्यामुळे मिनास तिरिथ नगरीत गेलेला पिपिन तिथल्या राज्यपालकालाही, म्हणजे साक्षात डेनेथॉरलाही, आपल्याकडच्या अरेतुरेसारख्या सलगीने बोलत होता. डेनेथॉरला त्याची गंमत वाटली, सेवक अवाक झाले, आणि हा पोरगा आपल्या देशात कोणीतरी फार मोठा सरदार असला पाहिजे अशी वदंता शहरात पसरायला त्याची मदत झाली. तू, तुम्ही आणि आपण यांतले अंतर ज्यांना रोज सांभाळावे लागते त्या आपल्या लोकांना यातली मेख सांगावी लागत नाही.

आता हा खेळ प्रत्यक्षात कसा चालतो ते एका उदाहरणाने सांगते. ‘जवळची वाट धरली की उशीरच फार होतो’ अशा आशयाचे एक वाक्य एकदा वाचले गेले. पहिला तर्क अर्थातच जादूगार गॅन्डाल्फ. दुसरा ॲरागॉर्न, कारण रानवाटांचा जाणकार तोच. एक अभियांत्रिकीची विद्यार्थिनी मात्र हटून बसली की हे वाक्य शहाण्याचे नसून लबाडाचे आहे, कारण त्यात उपदेशाचा आव जरा जास्तच आहे. तिचे बरोबर होते. वाक्य पिपिनचे. पाठलागावर असलेल्या काळ्या स्वारांना चुकवण्यासाठी फ्रोडोला रस्ता सोडून रानातून आडवे जायचे आहे, आणि पिपिनला रस्त्याने जायचे आहे, कारण त्या रस्त्यावर ‘गोल्डन पर्च’ नावाचे मद्यालय लागते आणि त्या टापूतली सर्वांत उत्तम बिअर तिथे मिळते. फ्रोडो त्याला तिथल्या तिथे उत्तर देतो की जवळच्या वाटेने उशीर होत असेल, पण मद्यालयाने त्याहून जास्त होतो. हे सुभाषित बिअरपोटी जन्माला आले आहे हे कळले नाही तर ते कळले असे म्हणता येईल का?

उलट दिशेने फसगत होते ती ऑर्कांच्या बाबतीत. चार भरवशाचे साथीदार घेऊन कुठेतरी दूर निघून जावे, डोक्यावर बडे साहेब नसावेत, आपले आपण राहावे, अशी इच्छा व्यक्त करणारे वाक्य ऐकून आमच्याकडे सर्वांनी एखाद्या थकल्याभागल्या हॉबिटाचे नाव घेतले. ते गोरबाग या ऑर्काचे आहे. मात्र वाचताना ‘लूट हाताशी असावी’ हे त्यातले शब्द हुशारीने गाळले गेले होते. असे शब्द गाळावेत की नाहीत यावर आमच्यात बराच वाद झाला आणि शेवटी गाळू नयेत असे ठरले. मला स्वतःला तो निर्णय पटलेला नाही. पण ते शब्द गाळल्यावर तो ऑर्क कोणत्याही कचेरीतल्या कारकुनासारखा वाटू लागतो, हे लेखकाचेच यश होय. आणखी एक वाद अजूनही मिटलेला नाही. तिसऱ्या प्रकरणात उघड्यावर झोपलेल्या तीन हॉबिटांजवळून एक कोल्हा जातो, हॉबिट आणि झाडाखाली निजलेले, यात काहीतरी विलक्षण आहे असे मनाशी म्हणतो आणि कथेतून कायमचा निघून जातो. मनातले वाक्य हे ‘म्हटलेले’ धरावे काय? मी धरावे या बाजूची आहे.

हे सारे गमतीचे झाले. पण ज्या उदाहरणामुळे हे पत्र लिहिण्याचे मी मनावर घेतले ते निराळे आहे, आणि त्याचा संबंध आपल्या वृत्तपत्राशी आहे. आपल्या रविवारच्या पुरवणीत सुविचाराची एक चौकट असते. तीत काही दिवसांपूर्वी, जग संकटांनी भरलेले आहे आणि त्यात अंधाऱ्या जागा पुष्कळ आहेत, तरीही सुंदर असे बरेच काही शिल्लक आहे, आणि सगळीकडे प्रेमात दुःख मिसळले असले तरी त्यानेच ते कदाचित अधिक वाढते, अशा अर्थाचे वाक्य छापून आले. खाली लेखकाचे नाव होते आणि शेजारी पांढऱ्या दाढीच्या जादूगाराचे चित्र. वाक्य टॉल्किन यांच्या कादंबरीतले आहे यात शंका नाही. पण ते गॅन्डाल्फचे नाही, आणि असणे शक्यही नाही, कारण हे वाक्य उच्चारले जाते त्याच्या थोडेच आधी मोरियाच्या खाणीत गॅन्डाल्फ दरीत कोसळलेला आहे आणि तो मेला असे समजून त्याचे सोबती शोकात आहेत.

वाक्य आहे हाल्दिरचे. हा लॉथलोरिएनच्या सीमेवर पहारा करणारा एक एल्फ. गॅन्डाल्फला गमावून आलेली मंडळी त्याच्या हद्दीत शिरतात तेव्हा त्यांच्यातला गिमली हा ड्वार्फ असल्यामुळे त्याने डोळे बांधूनच पुढे चालावे असा नियम हाल्दिर सांगतो. गिमली चवताळतो. ‘मी डोळे बांधून चालणार नाही,’ असे तो बजावतो आणि प्रकरण हातघाईवर येते. ॲरागॉर्न तोडगा काढतो की सर्वांचेच डोळे बांधावेत, म्हणजे लेगोलसचेही, जो स्वतः एल्फ आहे. आपल्याच भाऊबंदांच्या सोनेरी वनात, ऊन पडलेले असताना, आंधळ्यासारखे चालावे लागणार म्हणून लेगोलस हळहळतो. आपण सारे एकाच शत्रूचे वैरी असताना हा काय वेडेपणा, असे तो म्हणतो. त्याला उत्तर देताना हाल्दिर कबूल करतो की हा वेडेपणा दिसतो खरा, आणि शत्रूचे सामर्थ्य सर्वांत स्पष्ट कशात दिसत असेल तर ते त्याला विरोध करणाऱ्यांमध्ये पडलेल्या दुराव्यात. आमचे हात आता वीणेपेक्षा धनुष्याच्या दोरीवरच अधिक असतात, असेही तो सांगतो. त्याच बोलण्याच्या ओघात ते चौकटीतले वाक्य येते.

म्हणजे जगात अजून सुंदर असे पुष्कळ आहे हे सांगणारा मनुष्य (मनुष्य म्हणायचे ते सवयीने) पाहुण्यांचे डोळे बांधून त्यांना त्याच सौंदर्यातून नेत आहे. आपण करतो ते चूक आहे हे त्याला कळते, ते केल्यावाचून गत्यंतर नाही असेही त्याला वाटते, आणि या दोहोंच्या मध्ये उभा राहून तो बोलतो. ऐकणाऱ्यांना त्याचा चेहराही दिसत नाही. हा प्रसंग काढून टाकला की वाक्य गुळगुळीत होते आणि शुभेच्छापत्रावर शोभते. प्रसंग परत जोडला की त्यातला अपराधीपणा, खंत आणि हट्टाने धरलेली आशा हे सगळे एकदम जाणवते. आमच्या वाचनालयात हे वाक्य विचारले गेले तेव्हा एकालाही ते ओळखता आले नाही. पण उत्तर कळल्यावर ते प्रकरण पुन्हा काढून वाचले गेले आणि त्यावर झालेली चर्चा वाचनालय बंद होण्याच्या वेळेपर्यंत चालली. पत्रलेखकांना ही घोकंपट्टी वाटत असेल तर वाचन त्यांना कशाला म्हणायचे आहे?

‘लेखक म्हणतो’ या दोन शब्दांनी किती घोटाळा होतो याचे याहून सरळ उदाहरण रिव्हेन्डेलमधल्या निरोपाच्या प्रसंगात आहे. अंगठी नष्ट करण्याच्या मोहिमेवर निघालेल्यांपैकी फ्रोडोखेरीज कोणावरही शपथेचे बंधन नाही, ज्याला जिथून परत फिरावेसे वाटेल त्याने तिथून फिरावे, असे यजमान एल्रॉन्ड सांगतो. त्यावर गिमली म्हणतो की वाट अंधारली म्हणून जो निरोप घेतो तो बेइमान. एल्रॉन्डचे उत्तर असे की असेल, पण ज्याने रात्र पडताना पाहिलेली नाही त्याने अंधारात चालण्याची शपथ घेऊ नये. गिमली हटत नाही. दिलेला शब्द डळमळत्या मनाला आधार देतो, असे तो म्हणतो. ‘किंवा मोडून टाकतो,’ एवढेच एल्रॉन्ड म्हणतो आणि विषय संपवतो. यांतले पहिले वाक्य उचलून खाली टॉल्किन यांचे नाव घातले तर निष्ठेचा संदेश होतो, दुसरे उचलून तेच नाव घातले तर सावधगिरीचा. आणि लेखकाने दोघांपैकी कोणालाही खोटे पाडलेले नाही. गिमली शेवटपर्यंत साथ सोडत नाही हे खरे, पण म्हणून एल्रॉन्ड चुकला असे कादंबरी कुठेही म्हणत नाही.

काही वाक्यांच्या बाबतीत तर ‘कोण म्हणाले?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते. भटकणारे सगळेच काही वाट चुकलेले नसतात, ही ओळ सध्या प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींपासून टी-शर्टांपर्यंत सगळीकडे दिसते. ती कादंबरीत प्रथम भेटते ती गॅन्डाल्फच्या पत्रात. हे पत्र ब्री गावातल्या बटरबर नावाच्या विसराळू खाणावळवाल्याकडे पोचवायला दिलेले असते आणि तो ते पाठवायचे विसरतो. ॲरागॉर्न पत्र न पाहताच ती ओळ उच्चारतो, कारण ती कविता त्याच्याच नावाशी जोडलेली आहे. आणि पुढे एल्रॉन्डच्या सभेत बोरोमिर ॲरागॉर्नकडे साशंक नजरेने पाहतो तेव्हा फ्रोडोचा म्हातारा नातलग बिल्बो चिडून उभा राहतो, संपूर्ण कविता म्हणून दाखवतो आणि मग फ्रोडोच्या कानात सांगतो की ही मीच रचलेली आहे. लिहिणारा एक, पत्रात उतरवणारा दुसरा, आणि तिच्यात ज्याचे वर्णन आहे तो तिसरा. गॅन्डाल्फ म्हणणाऱ्याला चूक ठरवावे काय? आमच्याकडे तिघांनाही गुण दिले जातात, पण बिल्बोचे नाव घेणाऱ्याला जास्त.

याच सभेत गॅन्डाल्फ आपली हकिगत सांगताना सारुमान या दुसऱ्या जादूगाराचे भाषण जसेच्या तसे ऐकवतो. ज्ञान, सत्ता आणि सुव्यवस्था हे थोर उद्दिष्ट डोळ्यांपुढे ठेवावे आणि वाटेत घडणाऱ्या दुष्कृत्यांबद्दल फार तर हळहळावे, असा त्या भाषणाचा आशय. वाक्यरचना अशी भारदस्त की एखाद्या कार्यालयाच्या भिंतीवर चौकटीत लावली तरी कोणी आक्षेप घेणार नाही. ती फितुराची आहे, आणि गॅन्डाल्फच्या तोंडून आपल्यापर्यंत येते आहे, हे दोन्ही ठाऊक असल्यावाचून तिचा विषारीपणा लक्षात येत नाही.

आपल्याकडे हे भान पूर्वापार आहे. भगवद्गीतेच्या कोणत्याही पोथीत ‘श्रीभगवानुवाच’, ‘अर्जुन उवाच’, ‘सञ्जय उवाच’ असे छापल्याशिवाय बोलणारा बदलत नाही. धृतराष्ट्राच्या वाट्याला संपूर्ण गीतेत पहिला एकच श्लोक येतो. आणि जिथे योगेश्वर कृष्ण व जिथे धनुर्धर पार्थ तिथेच विजय, असे सांगणारा शेवटचा श्लोक श्रीकृष्णाचा नाही, अर्जुनाचाही नाही. तो संजयाचा आहे, आणि ज्याची मुले समोरच्या बाजूने लढणार आहेत त्या आंधळ्या बापाला तो सांगितला जात आहे. समारंभाच्या भाषणांत हा श्लोक ‘भगवान म्हणतात’ असे म्हणून सर्रास ठोकून दिला जातो. संजयाने धृतराष्ट्राच्या तोंडावर हे सांगण्यात जे धैर्य आहे ते मग कुठे जाते?

चाहत्यांच्या खेळात सर्वांत जास्त गोंधळ चित्रपटांमुळे होतो, आणि पत्रलेखकांनी टीका करायचीच होती तर इथे करायला जागा होती. २००१ ते २००३ या काळात आलेल्या तीन चित्रपटांनी कादंबरीतली कितीतरी वाक्ये एकाच्या तोंडून काढून दुसऱ्याच्या तोंडी घातली आहेत. जग बदलते आहे, पाण्यात ते जाणवते, मातीत जाणवते, हवेत त्याचा वास येतो, हे वाक्य पहिल्या चित्रपटाच्या अगदी आरंभी गॅलाड्रिएल या एल्फ स्वामिनीच्या आवाजात ऐकू येते आणि ते तिचेच म्हणून ओळखले जाते. कादंबरीत ते शेवटाकडे आहे, बोलणारा ट्रीबीअर्ड हा एन्ट आहे, आणि तो हे ज्यांना सांगतो आहे त्या दोघांपैकी एक गॅलाड्रिएल आहे. आपण आता पुन्हा भेटू असे वाटत नाही, हे त्याचे पुढचे म्हणणे. म्हणजे निरोपाचे वाक्य प्रस्तावनेला लावले गेले आणि ऐकणारी बाई बोलणारी झाली. चित्रपट म्हणून ते प्रभावी आहे, मी नाकारीत नाही.

पण दुसऱ्या एका बदलाचे समर्थन मला करता येत नाही. एओविन ही राजाची भाची रणांगणावरून मरणोन्मुख अवस्थेत आणली जाते तेव्हा गॅन्डाल्फ तिच्या भावाला सुनावतो की तुला घोडे होते, पराक्रम होते, मोकळी राने होती. हिचेही धैर्य तुझ्या तोडीचे, पण हिच्या वाट्याला म्हाताऱ्याची सेवा आली, आणि रात्रीच्या कडू प्रहरांत एकटी असताना, आयुष्य आक्रसत चालले आहे आणि चार भिंती अंगावर येत आहेत असे वाटत असताना, ती अंधाराशी काय बोलली असेल कोणास ठाऊक. घरातल्या स्त्रीचे दुःख घरातल्या पुरुषाला बाहेरच्याने समजावून सांगावे, असे हे भाषण आहे. चित्रपटात यातलीच वाक्ये ग्रीमा या कपटी मंत्र्याच्या तोंडी, खुद्द एओविनला जाळ्यात ओढण्यासाठी, घातली आहेत. शब्द जवळजवळ तेच आहेत. खेळात ही ओळ आली की चित्रपट पाहिलेले ग्रीमा म्हणतात, कादंबरी वाचलेले गॅन्डाल्फ म्हणतात, आणि मग कोणाच्या तोंडी ती अधिक खरी वाटते यावर जो वाद होतो तो ऐकण्यासारखा असतो. एका मुलीने असे मत मांडले की ग्रीमाला हे कळले होते म्हणूनच तो धोकादायक होता. त्यावर मला उत्तर सुचले नाही.

आडबाजूची वाक्ये कशासाठी, प्रसिद्ध वाक्ये पुरेशी नाहीत काय, असाही पत्रलेखकांचा एक आक्षेप आहे. त्याला उत्तर म्हणून आयोरेथचे नाव पुरेसे आहे. मिनास तिरिथच्या रुग्णालयात काम करणारी ही सर्वांत वयस्क बाई, तोंडाची टकळी अखंड चालू असलेली. रोगी उतारास पडत नाहीत असे पाहून ती सुस्कारा सोडते की पूर्वीसारखा राजा असता तर बरे झाले असते, कारण राजाचे हात हे वैद्याचे हात असतात असे जुने लोक सांगत आले आहेत, आणि खरा राजा त्यावरूनच ओळखता येतो. शेजारी उभा असलेला गॅन्डाल्फ ते ऐकतो, तिचे शब्द लोक फार दिवस लक्षात ठेवतील असे म्हणतो आणि लगबगीने बाहेर पडतो. मग जुन्या राजवंशाचा वारस असलेला ॲरागॉर्न येतो आणि फारामिर, एओविन व मेरी तिघेही वाचतात. हे वाक्य विचारले की हमखास एल्रॉन्ड किंवा ॲरागॉर्न यांची नावे येतात. गॅन्डाल्फचे भाकीत वाचकांच्या बाबतीत अर्धेच खरे ठरले आहे, शब्द लक्षात राहिले पण बाई राहिली नाही, आणि प्रसिद्ध वाक्यांपुरते थांबलो तर तिची गाठच पडणार नाही.

खेळात दोष नाहीत असे नाही. काही जण हळूच मोबाईलवर शोध घेतात. काहींना नावांचे उच्चार दुरुस्त करण्यातच जास्त रस असतो, आणि नवख्या वाचकाला त्यामुळे परत यावेसे वाटत नाही. आणि नुसते ‘कोण?’ विचारून थांबणे मलाही पसंत नाही, ‘कोणास?’ आणि ‘केव्हा?’ यांना निम्म्याहून अधिक गुण असावेत, हे मी आमच्या मंडळींना पटवून दिले आहे. आपल्याला मिळालेल्या वेळाचे काय करायचे एवढेच आपल्या हाती असते, हे गॅन्डाल्फचे वाक्य सर्वांना येते, पण तो ते फ्रोडोच्या घरी, प्रवासाला सुरुवातही झालेली नसताना बोलतो, चित्रपटातल्यासारखे मोरियाच्या अंधारात नव्हे, हे सांगणारे थोडेच निघतात.

आपल्याकडे माझे मागणे दोन गोष्टींचे आहे. एक म्हणजे सुविचाराच्या चौकटीत कथा, कादंबरी किंवा नाटकातले वाक्य छापताना लेखकाच्या नावाआधी पात्राचे नाव आणि ते कोणाला उद्देशून बोलत आहे एवढे द्यावे. त्याला अर्धी ओळ लागते, आणि चित्र जरा लहान केले तर ती सहज मिळेल.

दुसरे, हाच प्रश्न मराठी कादंबऱ्यांवर आधारून पुरवणीत अधूनमधून विचारावा. आम्ही वाचनालयात तसा प्रयत्न केला तेव्हा एक अनपेक्षित अडचण आली. काही गाजलेल्या कादंबऱ्यांत सगळीच पात्रे लेखकाच्याच भाषेत बोलतात, इतकी की शेतकरी, वकील आणि त्याची बायको यांची वाक्ये अदलाबदल केली तरी कोणाच्या लक्षात येऊ नये. कोणत्या ते इथे लिहीत नाही, वाचकांना ते स्वतःच कळेल. पण ज्यांत तसे नाही अशाही पुष्कळ आहेत, आणि त्यांचा एक फायदा असा की त्यांतला बराचसा मजकूर मोबाईलवर शोधून सापडत नाही, पुस्तकच उघडावे लागते. सदर सुरू झालेच तर उत्तरासोबत प्रकरणाचा क्रमांक, आवृत्तीचे वर्ष आणि पृष्ठ असे तिन्ही छापावे, कारण आवृत्तीगणिक पाने बदलतात आणि आमच्याकडे झालेली निम्मी भांडणे केवळ तेवढ्यावरूनच झालेली आहेत.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
सांगली